लेकीच्या वाचनाबद्दल

कोल्हापूर, शनिवार दुपार

प्रिय दिल्या,

पोरगी धडा घडाघडा वाचते आणि खालचे प्रश्न विचारले की गप्प बसते, असं तू लिहिलंस. माझ्या सहावीच्या वर्गात निम्मी पोरं तशीच आहेत, तेव्हा घाबरू नकोस. घडाघडा वाचलं की शाबासकी द्यायची सवय आपलीच. थांबून विचार करणाऱ्या पोराला आपण ‘अडखळतो’ म्हणतो.

तू तिच्याकडून पाठ करून घेतोस ती शब्दार्थांची वही मात्र आधी बंद कर. शनिवारी पाठ, सोमवारी पाटी कोरी! शब्द गोष्टीत भेटावा लागतो, आणि एकदा भेटून भागत नाही.

सध्या वर्गात ‘श्यामची आई’ वाचतोय. साने गुरुजींनी एकेक आठवण एकेका रात्री सांगितल्यासारखी लिहिली आहे, त्यामुळे मोठ्यानं वाचायला ती फार सोयीची. एका तासात एक रात्र आरामात होते. परवा पोहण्याची गोष्ट काढली. श्याम विहिरीवर जायच्या भीतीनं लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन येते. ‘शिंपटी’ मी फळ्यावर लिहिलीच नाही. “हातात काय असेल रे?” एवढंच विचारलं. “फोक असंल सर,” मागच्या बाकावरून उत्तर आलं. बहुतेक अनुभवाचे बोल!

आई मारते, तिथं मी पुस्तक मिटलं. एवढी मायाळू आई, मग मारलं का? “पोहायला गेला नाही म्हणून,” हे गाईडछाप उत्तर पहिल्या झटक्यात आलं. मी म्हटलं, ते झालंच, पण तिला कशाची काळजी होती? वर्ग गप्प. मीही गप्पच राहिलो. हे जमायला मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. शेवटी पंचगंगेत डबा बांधून पोहायला शिकलेली एक पोरगी म्हणाली, “गावानं तिच्या पोराला भित्रं म्हणू नये म्हणून.” पुढचं पान वाचलं, तर आईही तेच सांगते. त्या पोरीचा चेहरा बघायला हवा होतास.

घरी एवढंच कर. रोज रात्री दोन-तीन पानं तू वाच, गुंता पडला की थांब, “आता काय होईल आणि तुला असं का वाटतं?” विचार. चुकलं तर सुधारू नकोस, पुढं वाच, पुस्तकच सांगतं.

थोरल्याला माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दे. वाक्यं छोटी आहेत, त्यामुळे पुण्याचं पोर धनगरांच्या वाडीतही वाट चुकणार नाही. ‘कारभारी’ म्हणजे कोण, हे तू सांगू नकोस. लोक त्याच्याशी कसे बोलतात त्यावरून त्यालाच ओळखू दे. आठवीच्या पोराला शेवटचा दुष्काळ जड जाईल, पण जाऊ दे.

दिवाळीत पोरांना घेऊन ये. करवीर नगर वाचन मंदिरात नेतो. १८५० सालापासूनचं ग्रंथालय आहे, बघू देत. वहिनींना नमस्कार. आणि ती वही खरंच बंद केलीस का, ते कळव.

तुझा,
संजा