दादाकडे एकटाच जा

खानापूर

चि. बाळास,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "त्याचं आयुष्य आहे, तो माझ्यापेक्षा मोठा आहे, मी कोण सांगणार?" तेव्हा मी विषय वाढवला नाही, पण तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. दादाकडे तुला जायलाच हवं. हार्मोनियमवर तुझी बोटं त्यानंच धरून बसवली. संडे स्कूलच्या नाताळाच्या नाटकात तू रडायला लागलास तेव्हा तुला कडेवर घेऊन तोच उभा राहिला. आतेभाऊ असला तरी सख्ख्यासारखा वाढलाय. त्याच्याशी मोकळं बोलायचा हक्क तुझ्याइतका दुसऱ्या कुणाचा नाही.

जाण्याआधी दोन गोष्टी मनात वेगळ्या कर. वन्सं गेल्यापासून दादा उपासनेला येत नाही, ही एक. वहिनीच्या पाटल्या पतसोसायटीत गहाण टाकून तो मोबाईलवर पैसे लावतो आणि रात्री पिऊन तिच्यावर ओरडतो, ही दुसरी. चर्चच्या मंडळीतले लोक दोन्हीला मिळून 'बहकला' म्हणतात आणि मोकळे होतात. पण पहिली गोष्ट दुःखातून आलेली आहे. आईच्या उशाशी बसून त्यानं रात्र रात्र प्रार्थना केली, आणि तरी आई गेली. असा मुलगा "देव ऐकत नाही" म्हणाला तर त्याच्या अंगावर वचनं फेकू नकोस. स्तोत्रांमध्ये असा आक्रोश जागोजागी आहे. 88वं स्तोत्र तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. संशयात पडलेल्यांवर दया करा, असं यहूदाच्या पत्रात लिहिलंय. तेव्हा त्याचं ऐकून घे. वन्संची आठवण काढ. रडला तर रडू दे.

पाटल्यांचं मात्र स्पष्ट बोल. दुःखाच्या आडून बायकोचं सोनं जात असेल तर ते पाप आहे, आणि त्याला पाप म्हणणारं कुणीतरी त्याच्या बाजूचं माणूस हवं.

वयाची भीड मला कळते. पौलानं तरुण तीमथ्याला लिहिलं की वडील माणसाला टाकून बोलू नको, बापासारखं मानून बोध कर. बोधच करू नको असं काही त्यानं लिहिलं नाही. अंत्युखिया शहरात पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांच्या पंक्तीला जेवत होता. याकोबाकडची यहूदी माणसं आली तसा तो मागे सरला, तेव्हा पौल त्याला तोंडावर बोलला. पेत्र प्रभूबरोबर चाललेला, पौल मागाहून आलेला, तरी बोलला. सगळ्यांदेखत बोलला, कारण पेत्राची चूक सगळ्यांदेखतची होती आणि बाकीचेही त्याच्यामागे वाहवत चालले होते. दादाची गोष्ट घरातली आहे. ती घरातच राहू दे.

हे मी मुद्दाम लिहितेय. परवा बायकांच्या प्रार्थनासभेत एकीनं दादाचं नाव 'प्रार्थनेचा विषय' म्हणून घेतलं, आणि डोळे मिटायच्या आधीच पाटल्या किती तोळ्यांच्या यावर बोलणं सुरू झालं. मला फार लागलं ते. 1820 साली मिशनरी जोसेफ टेलर बेळगावात आले तेव्हापासूनची ही मंडळी, पण आजही मूठभरच. कॅम्पातली गोष्ट रविवार उलटायच्या आत निपाणीला पोचते. मत्तयाच्या 18व्या अध्यायात प्रभूनं पहिली पायरी सांगितली ती म्हणजे तू आणि तो, दोघंच. इतक्या लोकांनी दादासाठी हळहळ केली, पण त्या पायरीवर अजून कुणी पाय ठेवलेला नाही. म्हणून युवक संघाच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकू नकोस. पाळकसाहेबांनाही आत्ताच नको.

दुकानात जाऊ नकोस. गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलता बोलता तो तुला चहा पाजेल आणि हसून वेळ मारून नेईल. संध्याकाळीही नको. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला चल म्हण. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे पुरुषमाणसं जरा बोलतात. दाविद राजानं दुसऱ्याची बायको घेतली आणि नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा त्यानं आरोपानं सुरुवात केली नाही. गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, आणि दाविदानं स्वतःच्या तोंडानं न्याय केला. तुला गोष्ट रचायची गरज नाही. "दादा, वहिनीचे हात मोकळे का?" एवढंच विचार आणि गप्प राहा. उत्तर त्याला देऊ दे, कितीही वेळ लागला तरी.

गलतीकरांच्या पत्रात आहे ना, सौम्यपणे ताळ्यावर आणा आणि स्वतःलाही जपा, कारण मोह तुम्हालाही होईल. ते तुला लागू आहे. तो "एकदा खेळून तर बघ" म्हणेल. ते ॲप हातात धरूसुद्धा नकोस. पैसे मागितले तर रोख देऊ नकोस. पाटल्या सोडवायच्या ठरल्या तर बाबा स्वतः सोसायटीत जाऊन भरतील आणि पाटल्या वहिनीच्या हातात देतील. हे त्यांनी कालच कबूल केलंय.

पहिल्याच दिवशी तो ऐकेल असं मला वाटत नाही. चिडेल, तुला लहान तोंडी मोठा घास म्हणेल. परत जा. तरीही नाहीच ऐकलं तर प्रभूची दुसरी पायरी आहे, एकदोघांना बरोबर घेऊन जाण्याची; ते एकदोघे म्हणजे बाबा आणि मी, आम्ही येऊ. त्यापुढे मंडळी, आणि मंडळीचंही न ऐकणारा विदेशी आणि जकातदारासारखा, म्हणजे तेव्हा लोक ज्यांना दूर ठेवत त्यांच्यासारखा. लोक याचा अर्थ दार लावून घेणं असा करतात. पण हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि प्रभू त्याच्या घरी जेवायला बसला होता. म्हणून काहीही झालं तरी नाताळाला दादाचं पान आपल्या घरी मांडलेलं असेल, हेही त्याला सांगून ये.

जायचा दिवस ठरला की मला कळव, त्या वेळी मी प्रार्थनेत असेन. वहिनीला मात्र आधी सांगू नकोस. तिनंच तुला पाठवलं असं त्याला वाटलं तर राग तिच्यावर निघेल.

तुझी,
आई