मनाने की रूपाने? : डॉक्टरकाकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय डॉक्टरकाका,

सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपले नाव घालू नये, असे आपण बजावले होते. मी तो शब्द पाळला; मात्र आभारच मानू नयेत असे आपण म्हटले नव्हते, आणि त्याच पळवाटेचा आधार घेऊन हे पत्र नाव न घेता, पण चारचौघांसमोर लिहीत आहे.

ॲन ग्रिफिथ्सच्या वेल्श भक्तिगीतांवर मी पुण्यात बसून प्रबंध लिहिणार, हे ऐकून बहुतेकांनी सौजन्याने विषय बदलला. आपण तेवढे विचारले, "वेल्श येतं का?" मी म्हणाले, इंग्रजी भाषांतरे आहेत. आपण हसला नाहीत. वेल्समधील बाला गावाच्या परिसरात तीस वर्षे डॉक्टरकी करताना, म्हातारी माणसे आपली दुखणी वेल्शमध्येच नीट सांगू शकतात हे ध्यानात आल्यावर आपण ती भाषा शिकलात, हे मला बऱ्याच नंतर कळले. दुखणे ज्या भाषेत सांगितले जाते त्या भाषेतच ते ऐकावे लागते, ही आपली सवय पुढे दोन वर्षे दर रविवारी फोनवरून माझ्या वाट्याला आली.

ज्यांना ॲन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिचा जन्म 1776 चा, मॉन्टगमरीशायरमधील डोलवार वाख या शेतघरातला. नाचगाण्याची आवड असलेली ही मुलगी 1796 मध्ये एका प्रवचनाने हादरली आणि पुढच्या वर्षी पाँटरॉबर्ट येथील मेथडिस्ट मंडळीत सामील झाली. टॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकांच्या हातून प्रभुभोजन घेण्यासाठी ती बर्विनचे डोंगर ओलांडून पायी बालाला जात असे. 1804 मध्ये तिचे लग्न झाले आणि 1805 च्या ऑगस्टमध्ये, बाळंतपणानंतर लगेचच, ती वारली; तिची तान्ही मुलगीही जगली नाही. मागे सत्तरएक कडवी उरली, आणि तीही, एक वगळता, तिच्या हस्ताक्षरात नव्हेत, तर घरकामाला असलेल्या रूथ एव्हन्सच्या स्मरणात. रूथला लिहिता येत नव्हते. तिने ती कडवी म्हणून दाखवली, तिचे पती जॉन ह्यूज यांनी ती उतरवून घेतली आणि 1806 मध्ये त्यांतली काही प्रथम छापली गेली.

इथेच माझी पहिली चूक झाली होती. रूथची हकीकत वाचताच मला बहिणाबाई आणि सोपानदेव आठवले, मग जनाबाई आठवली, आणि पहिल्या मसुद्याचे पहिले प्रकरण 'वेल्सची जनाबाई' अशा थाटात उभे राहिले. ख्रिस्ताला शारोनचा गुलाब म्हणणारे कडवे मी मधुराभक्तीच्या खात्यात टाकले. वेल्श समीक्षक सॉन्डर्स लुईस यांनी 1927 च्या आपल्या ग्रंथात विल्यम विल्यम्स पँटिकेलिन या कवीचा प्रवास गूढवादाच्या पायऱ्यांनी मांडला आहे, तोच जिना मी ॲनच्या घरालाही लावला. आपण ते प्रकरण वाचलेत आणि एवढेच म्हणालात की यात जनाबाई आहे, लुईस आहेत, तू आहेस, फक्त ॲन दिसत नाही. मला राग आला होता, हे आता कबूल करते.

त्यानंतरच्या रविवारी आपण मर्टलच्या झाडांमध्ये उभ्या असलेल्या पुरुषाचे ते प्रसिद्ध गीत काढलेत आणि मला ओळीओळीने भाषांतर करायला लावलेत. दुसऱ्या कडव्यात ख्रिस्ताचे वर्णन 'टेग ओ ब्रीद' असे येते. मी कोश उघडला, 'ब्रीद' म्हणजे मन, चित्त, संकल्प असा अर्थ सापडला, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने 'मनाने सुंदर' असे भाषांतर करून त्यावर अंतःसौंदर्याची दोन पाने लिहून मोकळी झाले. शिवाय मराठीतले 'ब्रीद' आणि हे 'ब्रीद' यांच्या अर्थांतील जवळीक पाहून मी इतकी हरखले की तीही एक तळटीप झाली. योगायोगाला तळटीप नसते, असे आपण म्हणालात, आणि मग वेल्शमधल्या त्या विलक्षण गोष्टीकडे वळलात जिच्यावाचून ही कविता वाचताच येत नाही.

मराठीत विभक्ती लागताना शब्दाची शेपटी बदलते, घोड्याला, घराला. वेल्शमध्ये शब्दाचे डोकेच बदलते. मागच्या शब्दाच्या प्रभावाने पहिले व्यंजन मऊ होते, कधी नाहीसेही होते, आणि कोशात शब्द शोधायचा तर आधी त्याचे मूळ डोके शोधावे लागते. 'टेग ओ ब्रीद'मधला शब्द मुळात 'प्रीद' आहे, म्हणजे रूप, चेहऱ्याची कांती. 'ओ'नंतर येताना त्याचा 'प' जाऊन 'ब' झाला. माझा 'मन' या अर्थाचा 'ब्रीद' आहे तो पहिल्या कडव्यात, पण तिथे तो 'व्रीद' होऊन बसलेला असल्यामुळे मला ओळखूच आला नव्हता. पहिल्या कडव्यात कवयित्री म्हणते, माझ्या साऱ्या चित्ताला योग्य असे ते आलंबन. दुसऱ्यात म्हणते, गोरा आणि आरक्त, रूपाने सुंदर. चित्त आणि रूप हे दोन शब्द त्याच जागी, त्याच यमकात एकमेकांसमोर उभे आहेत. माझ्या भाषांतराने रूप पुसून तिथे पुन्हा मनच लिहिले होते, आणि ॲन तर मनाकडे पाहतच नव्हती. ती समोर पाहत होती.

माझा सगळा प्रबंध त्या एका दुरुस्तीतून निघाला. त्याच गीतात 'गुर्थ्रिख', म्हणजे वस्तू, ज्यावर दृष्टी किंवा मन खिळते ते आलंबन, हा शब्द तीनदा येतो. पहिल्यांदा तर त्याचेही डोके उडालेले आहे आणि तो 'उर्थ्रिख' झाला आहे. हा शब्द प्रेमगीतातला नाही, तर्कशास्त्राच्या पानावर शोभेल असा आहे. एकीकडे योग्य आलंबन, दुसरीकडे जगातली आलंबने, आणि दोहोंमधले अंतर मोजणारी एक शेतकऱ्याची मुलगी. ती विरहाने व्याकूळ आहे हे खरे, पण व्याकूळतेचे वर्णन ती करत नाही. आपण मला प्रत्येक ओळीखालचे बायबलमधले वचन शोधायला लावलेत: मर्टलची झाडे जखऱ्याची, गुलाब आणि गोरा-आरक्त वर्ण गीतरत्नातला, 'अंशतः ओळखते' हे पौलाने करिंथकरांना लिहिलेले, आणि 'जसा आहे तसा पाहीन ती सकाळ' योहानाच्या पहिल्या पत्रातली. निरनिराळ्या ग्रंथांतील वचने एवढ्या लहान जागेत कुठेही सांधा न दिसता बसवणे हे भाबड्या उमाळ्याचे काम नव्हे, हे मला तेव्हा पटले.

देवदूतांनाही नवल वाटते अशा अर्थाने सुरू होणारे तिचे दीर्घ गीत लुईस यांनी युरोपच्या धार्मिक काव्यातील थोर रचनांत बसवले आहे. अस्तित्व देणारा आणि सर्वांचे नियमन करणारा, तो गव्हाणीत, फडक्यांत गुंडाळलेला, डोके टेकायलाही जागा नसलेला, असे तिथे 'पाहायचे' आहे. तिथेही क्रियापद पाहण्याचेच आहे. तिच्या हस्ताक्षरात एकच पत्र उरले आहे आणि ते ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यासोबतच्या एकमेव कडव्यात ती म्हणते की माझी वाट निसर्गाच्या पूर्ण विरुद्ध असली तरी मी ती शांतपणे चालेन, तुझ्या मुखाच्या मोलाच्या दर्शनात. त्या 'मुख'साठीच्या जोडशब्दातही 'प्रीद' आहे, तोच, माझा हुकलेला. हे आपण मला सांगितले नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते माझे मलाच दिसले तेव्हा रविवार नसतानाही मी फोन केला होता, आणि आपण बराच वेळ काही बोलला नव्हता.

आणखी एका गोष्टीचे आभार राहतात, ते गाण्याचे. मर्टलच्या झाडांचे ते गीत आज ज्या 'कुम रोन्डा' चालीवर म्हटले जाते ती चाल 1907 ची, म्हणजे ॲनच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी बांधलेली, आणि ती बांधणारेही एक जॉन ह्यूजच. हे दोन ह्यूज मी पहिल्या मसुद्यात एकच समजले होते, तेही आपल्याच नजरेतून सुटले नाही. रग्बीच्या मैदानावर ती चाल इंग्रजी शब्दांनी गर्जते. आपण मात्र ती फोनवर, दम लागत असताना, हळू आवाजात वेल्शमध्ये म्हणून दाखवलीत, आणि तिसऱ्या ओळीवर थांबून म्हणालात की चाल बाजूला ठेवून वाच, चाल फार जिंकते, शब्द दिसत नाहीत. चालीवर लिहिलेली पाच पाने मी त्या रात्री काढून टाकली. थोडे वाईट वाटले, कारण ती चांगली लिहिली होती.

प्रबंधाची एक प्रत टपालाने निघाली आहे. शारोनच्या गुलाबाच्या कडव्याचा शेवट ख्रिस्ताला पाप्याचा समुद्रावरचा 'पायलट' म्हणून करतो. चारी बाजूंनी जमीन असलेल्या मुलुखातल्या ॲनला नाविकांचा हा शब्द सुचावा याचे आपल्याला नेहमी नवल वाटे. त्याचे भाषांतर मी आधी 'नावाडी' केले होते. आपल्या म्हणण्याप्रमाणे आता 'वाटाड्या' केले आहे, पण समुद्रावरचा वाटाड्या हे मराठीत मला अजून नीट बसलेले वाटत नाही. पृष्ठ 112 पाहावे आणि येत्या रविवारी सांगावे.

आपली कृतज्ञ,
पुण्याची विद्यार्थिनी