चाचणी थांबवली म्हणजे फसली नव्हे. पण पालकांना निकाल कोण सांगणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत तान्ह्या मुलांसाठीच्या लशींवर अर्ध्या पानाचा लेख आहे. तो वाचून आलेला राग अजून शमलेला नाही. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना ग्रासणारा विषाणू. त्याच्या लशीची १९६६ सालची चाचणी, २०२२ साली थांबवलेली आणि २०२४ साली थांबवलेली, या तिन्ही लेखकाने एका माळेत ओवल्या आणि साठ वर्षांत काहीच बदललं नाही, असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला. जाता जाता पालकांवरही एक शेरा आहे: कागदावर काय लिहिलंय ते न वाचता सह्या करणारे गाफील आईबाप. मी अशी सही केलेली आई आहे. कागद वाचून, प्रश्न विचारून, दोन दिवस घरात भांडण काढून सही केलेली.

आधी १९६६ बद्दल. तेव्हा फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेला विषाणू बाळांना टोचला गेला. एका गटातल्या ३१ बाळांना ही लस मिळाली होती. पुढे साथ आली तेव्हा त्यांतल्या २० जणांना आरएसव्ही झाला, १६ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि दोन बाळं दगावली. तुलनेसाठी वेगळी लस दिलेल्या गटात २१ मुलांना तोच संसर्ग झाला, पण दाखल करावं लागलं ते एकालाच. हे आकडे तुमच्या लेखात आहेत आणि बरोबर आहेत. कोणाही आईच्या पोटात तुटावं असेच आहेत. पण लेख तिथेच थांबतो, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. त्या दोन बाळांच्या फुप्फुसांचे नमुने जपून ठेवले गेले. कित्येक वर्षांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा लशीने तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूला चिकटत होती पण त्याला निकामी करत नव्हती आणि उलट फुप्फुसातच दाह वाढवत होती, याचे धागेदोरे मिळाले. विषाणू ज्या प्रथिनाच्या जोरावर पेशीत शिरतो त्याचा शिरण्याआधीचा आकार फॉर्मॅलिनच्या प्रक्रियेत टिकलाच नव्हता. तो नेमका आकार जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिला. त्यावर बेतलेली, गरोदर बाईला द्यायची लस २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाली. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, म्हणजे जन्मतःच बाळाला संरक्षण मिळतं. १८ देशांतल्या सात हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांवर तिची चाचणी झाली होती. पहिल्या ९० दिवसांत बाळाला होणारा गंभीर आजार तिने सुमारे ८२ टक्क्यांनी कमी केला, सहा महिन्यांपर्यंत सुमारे ६९ टक्क्यांनी. यातलं एक अक्षरही लेखात नाही. जगात दर वर्षी पाच वर्षांखालची एक लाखाच्या आसपास मुलं आरएसव्हीने जातात, बहुतेक सगळी गरीब देशांतली. हेही नाही.

आता २०२२ आणि २०२४. जीएसके कंपनीची लसही गरोदर मातांसाठीच होती. लस घेतलेल्या मातांमध्ये दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण ६.८ टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये ४.९ टक्के दिसलं, आणि चाचणी थांबवली गेली. मॉडर्ना कंपनीच्या, थेट बाळांना द्यायच्या लशीच्या चाचणीत पाच ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी लस मिळालेल्यांत गंभीर आजार जास्त दिसला. पहिल्याच टप्प्यात, थोड्याच बाळांना डोस दिलेले असताना काम थांबलं. किती बाळांना काय झालं की थांबायचं, हे अशा चाचणीत सुरुवातीलाच लिहून ठेवलेलं असतं, आणि ते पाहणाऱ्या मंडळात कंपनीची माणसं नसतात. १९६६ साली दोन बाळं गेल्यावर कळलं. २०२४ साली एकही बाळ न गमावता कळलं. हा फरक लेखकाला दिसू नये? थांबवलेल्या चाचणीला फसलेली म्हटलं, तर उद्या कोणती कंपनी वेळेवर थांबेल?

आता पालकांबद्दल. माझ्या बहिणीची मुलगी सात महिन्यांची असताना न्यूमोनियाने आजारी पडली होती. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या, दूध तोंडात घेऊन ती सोडून द्यायची. ती वाचली. पण ते पाहिलेल्या माणसाला न्यूमोनियाच्या लशीबद्दल वेगळं पटवून द्यावं लागत नाही. पुढे माझा मुलगा काही आठवड्यांचा असताना न्यूमोकोकसच्या, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरच्या, नव्या लशीच्या चाचणीबद्दल आम्हाला विचारलं गेलं. अर्ध्या मुलांना वापरात असलेली लस आणि अर्ध्यांना नवी. कोणाला कोणती ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार, आम्हाला कळणार नाही आणि मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. संमतीपत्र मी आणि नवऱ्याने एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवलं. रक्त किती काढणार, कशासाठी काढणार, मधेच सोडायचं ठरवलं तर मुलाच्या उपचारांवर परिणाम होईल का, हे सगळं विचारलं, आणि समाधान होईपर्यंत विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पोटच्या पोराला प्रयोगाला दिलंस. त्यांचं ते वाक्य मी ऐकून घेतलं, कारण त्यांची माया मला माहीत होती. तेच वाक्य वर्तमानपत्राने छापावं, हे मात्र मी ऐकून घेणार नाही.

डोस दिल्यावर रोज संध्याकाळी काखेत थर्मामीटर लावायचा, मांडीवरची सूज त्यांनी दिलेल्या पट्टीने मोजायची, रडला किती, प्यायला किती, ते डायरी कार्डावर लिहायचं. ते मी सगळं केलं. एक रकाना राहिला तरी दुसऱ्या दिवशी फोन यायचा. ताप आला तर रात्रीसुद्धा डॉक्टर फोन उचलायचे. त्या काळात माझ्या मुलावर जेवढं बारीक लक्ष होतं तेवढं त्याआधी किंवा नंतर कोणत्याही दवाखान्यात कोणी ठेवलेलं नाही. हे मी मनापासून लिहिते आहे, कारण पुढचंही तितकंच मनापासून लिहायचं आहे.

शेवटचं रक्त घेतलं आणि सगळं बंद झालं. चाचणी पूर्ण होऊन कोड उघडला की तुमच्या मुलाला कोणती लस मिळाली ते कळवू, असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं आणि कागदावरही होतं. कोणी कळवलं नाही. फोन केला तर आधीच्या समन्वयक बाई नोकरी सोडून गेलेल्या. नव्या माणसाने फाइल कंपनीकडे आहे म्हणून सांगितलं आणि कंपनीच्या नंबरवर रुग्णालयात विचारा असं उत्तर मिळालं. शेवटपर्यंत कोणी ताकास तूर लागू दिली नाही. ती नवी लस मंजूर झाल्याचं मला तुमच्याच वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीतून कळलं. ज्या मुलाच्या रक्तावर ती मंजुरी काही अंशाने का होईना उभी आहे, त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर त्या ओळीत आजही लशीचं नाव नाही, चाचणीतला क्रमांक आहे. डॉक्टर बदलला की प्रत्येक जण विचारतो, हे काय? आणि दर वेळी मी तीच कहाणी सांगते. दोन लशींमध्ये न्यूमोकोकसचे किती प्रकार येतात ते वेगळं होतं. माझ्या मुलाला कोणत्या प्रकारांपासून संरक्षण आहे, हे जगात कुठल्या तरी संगणकात लिहिलेलं आहे आणि त्याच्या आईला माहीत नाही.

लेखकाला पालकांची बाजू घ्यायची होती तर ती इथे घ्यायला हवी होती. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांसाठी जगभर हेलसिंकीचा जाहीरनामा मानतात. चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येकाला निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय द्यावा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात सतरा हजारांहून अधिक बाळांवर न्यूमोकोकल लशीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. एक्स-रेत दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी आणि मृत्यू १६ टक्क्यांनी कमी झाले. जगातल्या गरीब देशांना ही लस द्यायलाच हवी, याचा पुरावा त्या आयांनी दिला. आणि त्यांच्याच देशाच्या नियमित लसीकरणात न्यूमोकोकल लस यायला २००९ उजाडलं. मधल्या वर्षांत तिथे जन्मलेल्या बाळांचं काय? असा प्रश्न तुमच्या लेखकाला का पडला नाही?

आणि पालकांशी असा संवाद ठेवणं जमतच नाही, असं मला कोणी सांगू नये. १९३० च्या दशकात, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्समध्ये पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन संशोधक डांग्या खोकल्याच्या लशीवर काम करत होत्या. दिवसभर प्रयोगशाळेत राबून संध्याकाळी त्या आजारी मुलांच्या घरी जायच्या, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर काचेची बशी धरायच्या, आणि त्या बशीत जंतू वाढले की नाही यावरून आजाराचं निदान व्हायचं. ज्या घरातून नमुना न्यायचा त्या घराशी बोलायचं, हे त्यांना हाताशी पैसा नसताना जमलं. आज एका संदेशाने लाखो लोकांना निरोप जातो. एका आईला एक ओळ पाठवणं जड का जावं?

माझी मागणी साधी आहे. ज्या लेखकाने हा लेख लिहिला, त्यालाच पुढचा लेख लिहायला सांगा. लहान मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या रुग्णालयांना आणि कंपन्यांना त्याने थेट विचारावं: निकाल लागल्यावर किती पालकांना कळवलं, कोणी कळवलं, किती दिवसांत कळवलं, आणि नसेल कळवलं तर ती जबाबदारी नावानिशी कोणाची होती. उत्तरं छापा, आणि उत्तर देणार नाहीत त्यांची नावंही छापा.

आणखी एक. लेखाच्या शेवटी ज्या नव्या लशीचा उल्लेख आहे, ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची आहे आणि नाकात द्यायची आहे. तिला सुई लागतच नाही. तरीही वर चार स्तंभांत छायाचित्र कसलं, तर रडून लाल झालेलं बाळ आणि त्याच्या दंडाएवढी सिरिंज. लशीची कोणतीही बातमी असो, तुमच्याकडे हेच छायाचित्र असतं. पहिल्या डोसाला बाळाला घेऊन निघालेली एखादी आई ते पाहते आणि आठवडाभर पुढे ढकलते. ते छायाचित्र यापुढे वापरू नका.

नाव छापू नये, ही विनंती. मुलगा आता शाळेत जातो आणि त्याच्या तब्येतीची चर्चा त्याच्या मित्रांमध्ये व्हावी, असं मला वाटत नाही.

आपली,
एक नियमित वाचक