आत्मचित्रे घरोघरी परत जाण्यापूर्वी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शहरात नव्याने सुरू झालेल्या कलादालनाची बातमी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वाचली आणि दुसऱ्याच दिवशी तेथील आत्मचित्रांचे समूह प्रदर्शन पाहून आले. उद्घाटनासाठी वाड्यांची आणि घाटांची हमखास विकली जाणारी जलरंगचित्रे न मांडता जिल्ह्यातील चित्रकारांना स्वतःचे चेहरे रंगवायला सांगण्याचे धाडस चालकांनी केले, याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. मात्र दोन आठवड्यांनी ही चित्रे उतरवली जाणार असून ज्याचे त्याला परत दिले जाणार आहे, असे तेथे समजले. हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे.

मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन सारे करून घेतले. आरशासमोर बसवून स्वतःचा चेहरा काढायला मात्र एकदाही सांगितले नाही, याची खंत या प्रदर्शनात फिरताना वाटत राहिली. आरशात पाहून केलेले चित्र थोड्या निरीक्षणाने ओळखता येते. त्यात सदऱ्याची बटणपट्टी उलट्या बाजूला जाते, उजव्या हाताने रंगवणाऱ्याचा कुंचला डाव्या हातात दिसतो आणि नजर सतत आरशाकडून कागदाकडे जात-येत असल्यामुळे मानेला किंचित वळण व डोळ्यांत एक प्रकारचा ताण येतो. मोबाइलमधील छायाचित्रावरून केलेली काही चित्रेही तेथे आहेत. ती हुबेहूब आहेत, पण त्यांतील सावल्या मुक्या वाटतात, कारण सावलीतही रंग असतो हे डोळ्यांना दिसते तसे छायाचित्रात क्वचितच उतरते. मला सर्वांत जवळचे वाटले ते एका ज्येष्ठ पेंटरांचे चित्र. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या या गृहस्थांनी जुन्या पाटीच्या पत्र्यावरच इनॅमल रंगात स्वतःचा चेहरा काढला आहे आणि कपाळाच्या रंगाखालून जुन्या अक्षरांची एक वेलांटी अजून पुसट दिसते.

ज्यांच्याकडे मी प्रथम पेन्सिल धरायला शिकले, त्या गुरुजींनी गावातील कितीतरी वडीलधाऱ्यांची व्यक्तिचित्रे करून दिली होती आणि त्यांतली काही आजही बैठकीच्या खोलीत हार घालून लावलेली आहेत. त्यांनी विद्यार्थिदशेत तैलरंगात केलेले स्वतःचे एक चित्र मी लहानपणी पाहिले होते. त्यांच्या निधनानंतर वर्षभराने घरी गेले, तेव्हा रेखाटनवह्या रद्दीत गेल्याचे आणि ते चित्रही घराच्या आवराआवरीत नाहीसे झाल्याचे कळले. घरच्यांना मी दोष देत नाही. जागा अपुरी होती आणि अशी चित्रे कोठे नेऊन द्यायची, हे सांगणारे ठिकाणच नव्हते.

असे ठिकाण असले म्हणजे काय घडते, याची उदाहरणे आहेत. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातील आत्मचित्रांचा संग्रह कार्डिनल लिओपोल्दो दे मेदिची यांनी सतराव्या शतकात सुरू केला आणि त्यांच्यानंतरही त्यात भर पडत राहिली. पुढील पिढ्यांच्या कित्येक चित्रकारांनी आपली चित्रे स्वतःहून तेथे दिली. अमृता शेरगिल १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या, परंतु त्यांच्या कुटुंबीयांनी दिलेल्या चित्रांमुळे त्यांचे बरेचसे काम दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एकत्र राहिले आणि त्यांनी विशीत स्वतःकडे कसे पाहिले, हे आज आपल्याला पाहता येते. एवढ्या लांब जाण्याचीही गरज नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले, म्हणून राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रे आमच्या सातारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना एसटीने जाऊन एका दिवसात पाहता येतात.

म्हणून माझी चालकांना विनंती आहे की, या प्रदर्शनातील जी चित्रे चित्रकार आनंदाने देतील ती कलादालनाने ठेवून घ्यावीत आणि यापुढे येथे प्रदर्शन मांडणाऱ्या प्रत्येकाकडून, तयारी असल्यास, लहान आकाराचे एक आत्मचित्र मागावे. चित्राच्या मागे नाव, वर्ष, माध्यम आणि त्या वेळचे वय लिहून घ्यावे. मालकी कोणाची आणि पुनर्मुद्रणाचे हक्क कोणाकडे, हे साध्या मराठीत लेखी असावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, त्यामुळे बाहेरच्या भिंतीची ओल लागणार नाही अशी खोली आणि एक चांगले कपाट एवढी सोय तरी आधी करावी लागेल. त्यासाठी नगरपालिकेने किंवा शहरातील व्यापाऱ्यांनी मदत केली, तर ती रक्कम उद्घाटनाच्या मांडवावर झालेल्या खर्चाहून फार मोठी असेल असे मला वाटत नाही.

पत्र्यावर चित्र काढणाऱ्या त्या पेंटरांशी मी प्रदर्शनात बोलले. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. चित्र येथेच ठेवाल का, असे विचारल्यावर ते म्हणाले की, कोणी मागितले तर आजच देईन, घरी ते लावायला भिंत नाही. प्रदर्शन उतरवण्यास अजून सहा दिवस आहेत; तेवढ्या अवधीत चालकांनी त्यांना हे विचारावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा जिल्हा