पाच वाजता आलेला मजूर

स्टुटगार्ट,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

ति. पप्पा आणि मम्मी यांस,
सप्रेम सलाम.

मी बरी आहे. खोकला पूर्ण गेला. मम्मी, तू दिलेला ओवा अजून अर्धा शिल्लक आहे, यावरूनच ओळख की तब्येत चांगली आहे. ड्युटीचं नवं काही नाही, पाळ्या त्याच आणि मी सांभाळते ते आज्जी-आजोबाही तेच. रात्रपाळीहून मी एकटी येत नाही, आम्ही तिघी असतो आणि ट्राम दारापाशी थांबते. हे मी तिसऱ्यांदा लिहितेय, आता तरी काळजी सोडा.

पप्पा, तुम्ही विचारलंत की तिकडची चर्चं ओस पडलीत म्हणे, मग तू उपासनेला जातेस की नाही? जाते. दर रविवारी जमत नाही, कारण रविवारीही पाळी असते. पण माझ्या पगारातून चर्चचा कर परस्पर कापला जातो, आयकराच्या 8 टक्के, आणि तो मी आनंदानं देते. बाकं रिकामी असतात हे खरं आहे. पण रिकाम्या बाकांवरून इथल्या लोकांना जोखू नका. मी वचन कुठे ऐकते ते सांगते, पण त्यासाठी आधी जिना झाडण्याची गोष्ट सांगायला हवी.

इथे ‘केअरवोखे’ म्हणून एक प्रकार आहे. म्हणजे झाडण्याचा आठवडा. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची पाळी ठरलेली. ज्याची पाळी येईल त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी लटकते. ती लटकली की आठवडाभर जिना तुमचा. यातही धाकटी पाळी आणि थोरली पाळी असते. धाकटीत आपल्या मजल्यापुढची जागा आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. थोरलीत मुख्य दार, तळघराचा जिना, घरापुढचा फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. जिना आधीच लखलखीत असला तरी झाडायचा आणि वर ओल्या फडक्यानं पुसायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या एबरहार्ट नावाच्या सरदारानं दर आठवड्याला घरची घाण बाहेर नेण्याचा नियम केला, तिथून हे सुरू झालं म्हणतात. पहिल्या महिन्यात मला पाटीचा अर्थच कळला नव्हता. मला वाटलं, कुणीतरी माझ्या दाराला जाहिरात लावून गेलं, म्हणून मी ती काढून आत ठेवली. चार दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आज्जी आल्या. मला वाटलं आता ओरडा बसणार. त्या माझ्या वाटचा जिना झाडून आल्या होत्या. त्यांनी मला बादली कुठे ठेवतात ते दाखवलं आणि जाताना म्हणाल्या, बुधवारी ‘तासाला’ येशील का?

तास म्हणजे बायबलचा तास. या भागात दीड-दोनशे वर्षांहून जुनी पद्धत आहे ती. पंधरा-वीस माणसं कुणाच्या तरी घरी बसतात, एक अध्याय वाचतात आणि ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. यंदा दाखले, म्हणजे येशूनं सांगितलेल्या बोधकथा, चालल्यात. मागच्या बुधवारी मत्तय 20 होता, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा: मालक सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत मजूर लावत राहतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच रोज देतो. पप्पा, खिडकीतून समोर डोंगरावर खरेच द्राक्षमळे दिसत होते. आम्ही राहतो त्या उंटरट्युर्कहाइमला शहर संपायच्या आतच ते सुरू होतात, दगडी बांधांवर चढत जाणारे. आत्ता तोडणी चालू आहे.

वाचून झाल्यावर मी तुमचा उपदेश सांगितला. वहीतला, मला पाठ असलेला: सकाळचे मजूर आदामापासून नोहापर्यंतचे, नऊचे नोहापासून अब्राहामापर्यंतचे, बाराचे मोशेपर्यंतचे, तीनचे प्रभू येईपर्यंतचे आणि पाचचे आपण सगळे. पाळक म्हणाले, हा अर्थ सहाव्या शतकात पोप ग्रेगरीनं सांगितला होता, तुझ्या वडिलांकडे तो कसा पोचला? मला किती अभिमान वाटला! मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युलिशर नावाच्या जर्मन पंडितानं लिहिलं की दाखला म्हणजे कोडं नव्हे. प्रत्येक तासाला आणि प्रत्येक नाण्याला वेगळा अर्थ चिकटवू नका, सगळी गोष्ट मिळून एक ठोसा असतो, तो लागू द्या. पप्पा, तुमची वही चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला तो ठोसा लागला.

आधी तिथे वाद झाला. एक आजोबा पिढीजात द्राक्षवाले आहेत. ते म्हणाले, मी असा पगार वाटला तर उद्या सकाळी सहाला कोण येईल, सगळे पाचलाच येतील. त्यांचं म्हणणं कुणाला खोडता येईना. तेव्हा मी बोलले. माझं जर्मन मोडकं, पण बोलले. मी श्रीरामपूरचा मजूर अड्डा सांगितला. सकाळी सातला शेतकरी गाडी घेऊन येतो आणि दंड बघून माणसं उचलतो. अकरापर्यंत जे उरतात ते आळशी नसतात. म्हातारे असतात, लंगडे असतात, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया असतात. घरी रिकाम्या हातानं जायला नको म्हणून ते उभे राहतात. दाखल्यातल्या मालकानंही पाचच्या मजुरांना विचारलं, दिवसभर इथे का उभे? ते म्हणाले, कुणी आम्हांला कामावर लावलं नाही. पप्पा, तुम्ही प्रभूच्या सेवेत येण्याआधी आजोबांबरोबर त्या अड्ड्यावर उभे राहायचात, तेही मी सांगून टाकलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, रागावू नका. सगळे गप्प झाले. मग ते द्राक्षवाले आजोबाच म्हणाले, मळ्याला कारभारी होता, तो संध्याकाळी पगार वाटायला येतोच. मग मालक स्वतः पाच वेळा बाजारात का गेला? मी हा अध्याय लहानपणापासून ऐकते, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

नंतर ज्यांनी दिवसभराचे कष्ट आणि ऊन सोसलं त्यांची कुरकूर वाचायची पाळी माझ्यावर आली. वाचताना माझा आवाज अडकला. ते वाक्य माझंच होतं. जूनमध्ये छोटू घरी परतला आणि तुम्ही म्हणालात की नव्या दोन खोल्यांतली एक त्याची. तेव्हा मी दादाला फोनवर म्हणाले होते, आम्ही राबलो आणि त्याला सारखा वाटा कशाला? फीचे पैसे उडवून दोन वर्षं तोंड न दाखवणाऱ्याला माझ्या रात्रपाळ्यांची खोली का? तुम्ही शेजारीच बसला होतात, हे दादानं नंतर सांगितलं. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. तो विषयच बंद केलात. त्याचंच मला जास्त लागलंय.

मालक त्या कुरकुऱ्याला ‘गड्या’ म्हणतो, हाकलत नाही. त्याचा ठरलेला रोज त्याला देतोच. मला माझा रोज मिळाला, पप्पा. सकाळपासून काम मिळालं, तुम्ही मला नर्सिंगला घातलंत, कुणीतरी मला उचललं. तारण, म्हणजे पापातून सुटका, आपण कमावत नाही हे मी शंभरदा म्हटलंय, पण आतून हिशेबाची वही चालूच होती. छोटू दोन वर्षं कुठल्या उन्हात उभा होता, हे मी विचारलंच नाही.

आणखी एक सांगते, तुम्हाला आवडेल. खालच्या आज्जींच्या जुन्या लूथर बायबलात, म्हणजे लूथरच्या जर्मन भाषांतरात, लूक 17:21 ला देवाचं राज्य ‘तुमच्या आत’ आहे असं छापलंय. पाळकांच्या नव्या आवृत्तीत ‘तुमच्या मधोमध’ आहे. दोघांचं पटत नाही. आज्जी म्हणतात, ते हृदयात असतं. पाळक म्हणतात, प्रभू हे परुश्यांना, म्हणजे त्याच्या विरोधकांना, सांगत होता, त्यांच्या हृदयात ते आहे असं तो कसा म्हणेल? ते माणसांच्या मधे असतं. मी आपलं मराठी काढलं. ‘तुमच्यामध्ये’. दोन्ही अर्थ त्यात मावतात. मला स्वतःला पाळकांचं पटतं, कारण आत ठेवलेलं राज्य मला लपवता येत होतं.

गेल्या महिन्यात सुट्टीत ‘बाड बोल’ या गावी गेले होते, इथून ट्रेन आणि बसनं. तिथे ब्लुमहार्ट नावाचे पाळक बापलेक होऊन गेले. मुलगा म्हणायचा की देवाचं राज्य याच पृथ्वीवर, मजुरांसाठीही यायचं आहे. 1899 मध्ये तो कामगारांच्या पक्षात गेला, म्हणून त्याचं पाळकपद गेलं. मला आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवले. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळक आणि धाकटे ब्लुमहार्ट, दोघेही 1919 मध्येच गेले. तुम्ही इथे असता तर ब्लुमहार्टांच्या कबरीपाशी टिळकांचं भजन म्हटलं असतंत.

आता कामाचं. 80 हजार रुपये पाठवलेत. 40 दादाच्या बोअरचे, 40 छोटूच्या खोलीच्या छताचे. दादाला वाईट वाटणार नाही असं बघा, त्याच्याशी मी वेगळं बोलेन. नाताळला येता येत नाहीये. रजा मागितली होती पण मिळाली नाही, आणि तिकिटाच्या पैशात छत होतं. मम्मी, रडू नकोस, ईस्टरनंतर तीन आठवडे येतेय, तारीख लिहून दिली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका, पप्पा. मी नसले तरी करून घ्या. पुण्याच्या स्थळाला हो कळवू नका. मुलगा चांगला असेल, पण त्याला मी लगेच परत यायला हवी आहे आणि माझा करार अजून दीड वर्षाचा आहे. त्यांना थांबवून ठेवणं बरं नाही. मम्मी, मी लग्नाला नाही म्हणत नाहीये.

छोटूनं नंबर बदलला असं दादा म्हणाला. नवा नंबर पाठवा. त्याला सांगू नका, फोन मीच करेन.

तुमची लेक