टिटवीसाठी घरचं ताट आणणाऱ्या पोरांना

प्रिय लेकरांनो,

परवा पहाटे मैदानावर गेले, तर खळग्यात अंडी नव्हती. छातीत धस्स झालं. कुत्र्याने नेली की मुंगसाने, असं मनात आलं आणि तेवढ्यात डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. तेव्हा दिसलं. कापसाच्या बोंडाएवढं एक पिल्लू काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळत होतं. आईने हाक दिली की जागच्या जागी जमिनीला चिकटायचं, दगड कुठला आणि पिल्लू कुठलं कळेना. पुन्हा पुन्हा मोजली. चार होती. चारही! मी तिथेच बांधावर बसून रडले, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

तुमच्यातल्या निम्म्या पोरांना मी पाढे शिकवलेत. तरी तुमचे आभार असे चारचौघांत मानायचे आहेत, कारण दोन वर्षांपूर्वी जे झालं ते गावात पुष्कळांनी पाहिलं होतं आणि कुणी काही बोललं नव्हतं.

त्या वर्षी याच मैदानावर, याच दिवसांत टिटवीने अंडी घातली होती. सपाटीकरणाचं काम निघालं. मी आधी जाऊन सांगितलं, जागा दाखवली, चार दिशांना चार दगड ठेवून आले. कचेरीत दोनदा चकरा मारल्या. रान पाखराची अंडी फोडणं ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारच धरली जाते, हेही सांगितलं. एका साहेबांनी मान वर न करता ऐकून घेतलं. कामावरचा माणूस म्हणाला, "बाई, एका पाखरापायी मशीन उभी ठेवू का? आन् टिटवीच ती, अपशकुनी." दुसऱ्या दिवशी मशीन फिरली. ती जोडी संध्याकाळभर उकरलेल्या मातीवर घिरट्या घालत ओरडत होती. मी खिडकी लावून घेतली, पण आवाज येतच राहिला. अपशकुन म्हणे! घर मोडल्यावर माणूस तरी काय वेगळं करतो?

म्हणून यंदा एप्रिलच्या शेवटी ती जोडी पुन्हा मैदानातच बसलेली दिसली तेव्हा आधी भीतीच वाटली. घरटं म्हणजे तरी काय, वीतभर खळगा, कडेने बारीक खडे आणि शेळीच्या चार लेंड्या. मातकट अंड्यांवर काळे ठिपके. दोन पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. आणि तुमच्या टेनिस बॉलच्या स्पर्धा तर तोंडावर आलेल्या. बाहेरगावचे संघ येणार, मंडप पडणार. मी तुमच्याकडे आले ती काही आशा धरून नव्हे, खरं सांगते. सांगितलं नाही असं पुढे मनाला लागायला नको, एवढ्यासाठीच आले.

तुम्ही काय काय केलं ते गावाला माहीत आहे. लाँग ऑनची सीमारेषा पंधरा पावलं आत घेतली, विटा मांडल्या, पलीकडे चेंडू गेला तर एकानेच चालत जाऊन आणायचा असं ठरवलं. बाहेरच्या एका संघाने रेषेवरून वाद घातला तेव्हा तुमचा कॅप्टन म्हणाला, "मॅच तुमाला सोडतो, पण रेघ हलायची नाही." मी कठड्यापाशीच उभी होते, शब्द न् शब्द ऐकला. पोरा, तो सामना तुम्ही हरलात, पण मला तुझा फार अभिमान वाटला.

पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की चपलेतून तळवा भाजत होता. पाणी प्यायला खेळ थांबला. सगळे मंडपाकडे धावले आणि तुमच्यातलं सगळ्यात लहान पोरगं, ज्याला अजून अकरात घेत नाहीत, ते एकटंच उलट दिशेने निघालं. हातात स्टीलचं ताट. खळग्यापासून बरंच लांब, बाभळीच्या सावलीत त्याने ते ठेवलं, मध्ये एक चपटा दगड टाकला, आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि पाठ न वळवता मागे मागे सरकत आलं. मी विचारलं, हे कशाला रे? तर म्हणालं, "बाई, ती पोट भिजवून जाती आन् अंड्यावर बसती. ओढ्याला पानी कुठंय आता?"

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीही वर्गात कधी शिकवलं नाही. टिटवी खरंच उन्हाळ्यात पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. नर-मादी पाळीपाळीने बसतात, महिनाभर. त्या पोराने ते नुसतं बघून ओळखलं होतं. थोड्या वेळाने ती आली, ताटात उतरली, दोनदा पोट टेकवलं, आणि थेंब गाळत परत गेली. मंडपातली सगळी पोरं ग्लास हातात धरून गप्प उभी होती.

बाटलीतलं पाणी दुसऱ्याला देणं ही लातूरकडच्या माणसाला काय गोष्ट आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तुमच्यातले मोठे तेव्हा दुसरी-तिसरीत होते, टँकरच्या रांगेत कळशीला टेकून झोपायचे आणि सकाळी वर्गात पेंगायचे. मी कुणाला उठवत नसे. त्याच पोरांनी यंदा पाळी लावून, सामने संपल्यावरसुद्धा, रोज ते ताट भरलं. एक दिवस चुकला नाही. चांगुलपणा कुठे राहिलाय, असं आम्ही म्हातारी माणसं पारावर बसून फार बोलतो. मी तरी आता बोलणार नाही.

पिलं कालपासून बाभळीच्या पलीकडे, पाटलांच्या पडक्या शेताकडे सरकली आहेत. ताट मी उचलून आणलं, चिंचेने घासलं. मागे कुणाच्या तरी लग्नाची सप्रेम भेट असं कोरलेलं आहे, त्यावरून घर कळलं. पोरा, तुझी आई ते शोधत असेल, तिला रागावू नको म्हणावं. रिकामं ताट परत द्यायची आपल्यात रीत नाही. उद्या सकाळी धपाटे करते आहे. सगळे या, आणि ताट घेऊन जा.

तुमची,
बाई