ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्या काकांना

काका, त्या रात्री माझा धाकटा भाऊ तुमच्या रिक्षातून उतरेचना. एमडी नावाच्या नशेच्या पावडरीपायी तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. माणसं मागावर आहेत, कातडीखाली किडे वळवळतात म्हणत हात ओरबाडत होता. लोक मोबाईल काढून उभे! तुम्ही गर्दी हटवलीत. 'कोणी नाहीये रे' असा वाद घातला नाहीत. 'मी इथंच बसलोय, बाळा' एवढंच म्हणालात. बाटलीतलं पाणी आधी स्वतः प्यायलात, मग त्याला दिलंत. तो प्यायला. इस्पितळात मला बजावलंत, 'काय घेतलंय ते डॉक्टरांपासून लपवू नका.' लपवलं नाही, म्हणून उपचार नेमके झाले. झोप लागली, चौथ्या दिवशी भास थांबले. सगळ्यांचे इतक्या लवकर थांबत नाहीत. भाडंही घेतलं नाहीत. खूप खूप आभार. तो सारखा विचारतो, 'ते काका कुठं भेटतील?'